बारा जणींसाठी केवढा बोर्ड? टिळकवाडीतल्या एका घराचं प्रकरण

आमचा सुतारकामाचा छोटा कारखाना बेळगावात खानापूर रोडला आहे. चौरंग, पाट, पोळपाट, देव्हारे अशी कामं आधीपासून होतीच. गेल्या काही वर्षांत त्यांत सर्व्हिंग बोर्डांची, म्हणजे पदार्थ मांडून पाहुण्यांपुढे ठेवायच्या लाकडी फळ्यांची, भर पडली. ऑर्डर मी घेतो, रंधा मेस्त्री मारतात. खाली लिहिलेली ऑर्डर आमच्याकडून आधी चुकली आणि मग निम्मी-अधिक दुरुस्त झाली. ज्यांचं काम होतं त्यांना सांगून लिहितोय. त्यांचं नाव आणि गल्ली मात्र देत नाही. इथे त्यांना काकू म्हणतो, मी हाकही तशीच मारतो.

पार्श्वभूमी

काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. शहापुरातलं सासरचं जुनं घर भावाभावांनी विकलं आणि काकू-काका टिळकवाडीत दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आले. घर पाडायच्या आधी काकांनी पुढच्या दाराच्या दोन सागवानी फळ्या काढून ठेवल्या होत्या. फळ्या सव्वा इंच जाड, आठ इंचांहून थोड्या जास्त रुंद, बाहेरून हिरवा ऑइलपेंट. वडिलांची आठवण म्हणून त्या दोन वर्षं पलंगाखाली पडून होत्या.

काकूंची दर महिन्याला भिशी असते, बारा बायकांची. वर्षभरात प्रत्येकीची एकदा पाळी येते, पण काकूंचा हॉल मोठा, म्हणून आणखी दोन-तीनदा सगळ्या त्यांच्याकडेच जमतात. गणपतीत अकरा दिवस लोकांची ये-जा असते ती वेगळीच. पुण्याला असलेल्या लेकीने त्यांना एक फोटो पाठवला. लांबच लांब लाकडी फळी, तिच्यावर फळं, चीज, बिस्किटं, वाट्या अशी खच्चून मांडणी. "आई, आजोबांच्या दाराचं असंच काहीतरी कर."

काकू जूनमध्ये फळ्या रिक्षात घालून आमच्याकडे आल्या. मोबाइलवरचा फोटो दाखवून म्हणाल्या, "अस्सं पाहिजे." मी विचारलं, "किती माणसं असतात?" त्या म्हणाल्या, "बारा." मी फळ्यांची लांबी बघितली, फोटो बघितला आणि वहीत लिहिलं: ३६ बाय १६, जाडी सव्वा इंच.

तेवढ्यात मेस्त्रींनी मान वर करून विचारलं होतं, "एवढं मोठं कशाला करालाय? दार परत बसवायचं हाय काय?" आम्ही सगळे हसलो. ते हसण्यावारी गेलं, हीच या प्रकरणातली पहिली चूक. मेस्त्री विनोद करत नव्हते.

काम कसं झालं

दोन फळ्या कडेला रंधून गमने जोडल्या. हिरवा रंग सॅंडरने घासून काढला. वरच्या बाजूला मेलामाइन पॉलिशचे तीन हात दिले. खालची बाजू कोण बघतंय म्हणून कोरीच सोडली. बोर्ड दिसायला देखणा झाला होता, हे आजही कबूल करतो. जुन्या सागाला जो तांबूस-सोनेरी रंग येतो तो नव्या लाकडात शोधून सापडत नाही.

अडचण

जुलैच्या भिशीला बोर्ड पहिल्यांदा वापरला गेला. पाच दिवसांनी सकाळी काकूंचा फोन आला. त्यांनी तक्रार अशी केलीच नाही, नुसतं काय काय झालं ते सांगत गेल्या. मी वहीत एकेक लिहून घेतलं.

पहिली गोष्ट वजनाची. सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं. ३६ बाय १६ बाय सव्वा इंच म्हणजे ०.४२ घनफूट, म्हणजे रिकामा बोर्डच साडेसात किलोचा. वर वाट्या, कुंदा (खव्यासारखी दुधाची मिठाई), करदंट (डिंक-सुक्यामेव्याची वडी), अळूवड्या, फळं ठेवली की दहा-अकरा किलो सहज होतात. काकूंचं वय ६२, एक गुडघा दुखरा.

दुसरी गोष्ट दाराची. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराला चौकटीच्या आतून ३० इंच जागा आहे. ३६ इंचांचा बोर्ड दोन्ही टोकांना धरून समोर घेतला की दारातून जात नाही, तिरका करावा लागतो. तिरका केला आणि काकडी-गाजराचे तुकडे घसरले. शेवटी बोर्ड रिकामा बाहेर नेला, आणि ओट्यापासून हॉलपर्यंत एकेक वाटी आणून मांडणी झाली. म्हणजे आधीच आत सजवून एकदम बाहेर आणायची सगळी हौस तिथेच संपली.

तिसरी गोष्ट टीपॉयची. टीपॉय ३६ बाय १८. बोर्ड ठेवला की तो पूर्ण झाकला गेला. बारा बायकांचे चहाचे कप ठेवायचे कुठे? सोफ्याच्या हातावर, खिडकीच्या कठड्यावर, खाली सतरंजीवर. एक कप सांडलाच.

चौथी गोष्ट ऐकून मला आश्चर्य वाटलं. बोर्ड रिकामा दिसत होता! काकूंनी नेहमीच्या अंदाजाने पदार्थ केले होते आणि बारा जणींना ते पुरलेही. पण ५७६ चौरस इंचांवर ते विखुरल्यासारखे दिसले. मग ऐन वेळी काकांना खडेबाजारात पिटाळून फरसाण, केळी आणि आणखी अर्धा किलो करदंट आणवला. त्यातलं निम्मं दुसऱ्या दिवशी शेजारी वाटावं लागलं.

पाचवी गोष्ट धुण्याची. सिंक २४ बाय १८ चं, त्यात बोर्ड मावेना. काकूंनी तो मागच्या गॅलरीत आडवा ठेवून पाइपने धुतला आणि निथळायला तिथेच फरशीवर राहू दिला. बेळगावचा जुलै तुम्हाला माहीत आहे. चार दिवस ऊन नाही, हवेत ओल. चौथ्या दिवशी उचलून बघितला तर कडा वर आलेल्या, पोट खाली गेलेलं, टीपॉयवर ठेवला की पाळण्यासारखा डुलतोय.

ही शेवटची गोष्ट सरळसरळ आमच्या माथी. वरच्या बाजूला पॉलिश, खालची बाजू कोरी. कोऱ्या बाजूने पाणी प्यायलं, ती फुगली. वरची बाजू तशीच राहिली. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं. त्यामुळे १६ इंचांच्या रुंदीत मध्ये चांगली दोन सुताची वाकण आली (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). खालच्या बाजूलाही तेवढेच हात दिले असते तर वाकण आली नसती, किंवा फार तर अर्धा सूत आली असती.

पर्याय

मी आणि मेस्त्री त्यांच्या घरी गेलो. ऑर्डर घेताना जायला हवं होतं ते आत्ता गेलो. काकूंची नणंदही आलेल्या होत्या, म्हणजे ज्यांच्या वडिलांचं, त्यांच्या दादांचं, ते दार होतं त्या. चहा झाला आणि बोलणं सुरू झालं.

बोर्ड सरळ करून आहे तसाच ठेवायचा, खाली चार बुटके पाय लावायचे आणि जेवणाच्या टेबलावर कायमचा मांडायचा, हा काकांचा पर्याय. उचलायचा प्रश्नच उरत नाही. पण त्यांचं जेवणाचं टेबल चार माणसांचं. तिथे रोज दोघं जेवतात, पेपर वाचतात, काका औषधांचा डबा ठेवतात. पहिल्या आठवड्यातच बोर्ड भिंतीला टेकून उभा राहिला असता.

दोन्ही टोकांना पितळी मुठी लावायच्या, हे मी सुचवलं. मेस्त्रींनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मुठी लावल्या की लांबी आणखी वाढणार, दाराची अडचण तशीच राहणार. मुठींनी वजनही कमी होत नाही.

हा बोर्ड भिंतीवर शोभेला लावून वापरायला नवीन लहान बोर्ड करायचा, असाही एक मार्ग होता. व्यवहारात हा सगळ्यात सोपा. काकूंना तो आवडला नाही. "शोभेला दार होतंच की रे पलंगाखाली," असं म्हणाल्या.

नणंदबाईंचं मत वेगळंच. "ह्या फळीचा नाद कशाला? आमच्याकडे परातीत चिरमुरे ओतले की भिशी झाली." हे हसण्यावारी न्यायचं नाही असं मी तोवर शिकलो होतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. बोर्डाला काठ नसतो. चिरमुरे, शेव, खारे शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे यांना परात, ताट किंवा वाटीच लागते. कुंद्याला तूप सुटतं, तो लाकडावर थेट ठेवला तर डाग कायमचा. मांडे म्हणजे त्या पातळ, घडी घातलेल्या गोड पोळ्या, त्यांना तर बोर्ड नकोच. जागा खातात आणि बाजूला हात लागला की चुरा. बोर्डावर शोभतात आणि टिकतात ते तुकडे: करदंट, वड्या, ढोकळा, फळांच्या फोडी, लेकीसाठी चीज. म्हणजे बोर्ड सगळ्या फराळासाठी नसून त्यातल्या तिसऱ्या हिश्शासाठी आहे. मी बारा माणसांचा पूर्ण फराळ डोळ्यांपुढे ठेवून माप काढलं होतं.

राहिला शेवटचा पर्याय: बोर्ड कापायचा. नणंदबाई गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "दादांच्या दाराला करवत लावणार?" कोणीच उत्तर दिलं नाही.

पेपरचं पान

ती शांतता मेस्त्रींनी मोडली. टीपॉयवर सकाळचा पेपर पडला होता. त्यांनी त्याचं एक पान सोडवून टीपॉयवर पसरलं आणि म्हणाले, "काकू, ह्याच्यावर मांडा बघू की वो."

मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचं एक पान साधारण १३ बाय २० इंच भरतं. काकूंनी आतून तीन वाट्या, डब्यातल्या वड्या, दोन संत्री आणि बिस्किटं आणली. पानावर मांडलं. भरगच्च दिसलं. टीपॉयवर एका बाजूला चांगली १६ इंच जागा उरली. सहा कप आणि साखरेचं भांडं आरामात बसलं. मग काकूंनी ते पान एका पुठ्ठ्यावर ठेवून हातात धरलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून दोनदा आत-बाहेर केलं. बाहेर आल्या त्या हसतच.

आकडेही तेच सांगत होते. १३ बाय २० म्हणजे २६० चौरस इंच. आमच्या अनुभवात गप्पांबरोबर उचलून खायच्या गोष्टींना माणशी २० ते २५ चौरस इंच पुरतात. बाकीचं ताटा-परातीत असतं आणि बोर्ड मधूनच एकदा भरता येतो. तीन इंची वाटीला भोवतालच्या मोकळ्या जागेसकट चार बाय चार धरावं लागतं. तीन वाट्यांचे ४८ गेले तरी दोनशेच्या वर उरतात. दहा-बारा जणींना हे बेताचं पण पुरेसं आहे.

मग मेस्त्रींनी पान मधोमध दुमडलं. १३ बाय १०. "गणपतीत चारजण आले तर?" काकूंनी वाट्या मांडून बघितल्या, थोडं अपुरं वाटलं. पान थोडं उघडून १५ वर आणलं. बसलं.

२० आणि १५ म्हणजे ३५. करवतीला आणि कडा सरळ करायला एक इंच. ३६ इंचांचा हिशोब तिथल्या तिथे लागला. नणंदबाई बघत होत्या. त्याच म्हणाल्या, "दोन व्हायलेत तर एक माझ्याकडं राहूदे, गणपती झाल्यावर." कापायचा निर्णय झाला तो या वाक्याने, आमच्या हिशोबाने नव्हे.

काय केलं

बोर्ड दोन आठवडे कारखान्यात सावलीत उभा ठेवला, दोन्ही बाजूंना सारखी हवा लागेल असा. उन्हात किंवा भट्टीजवळ ठेवून घाईने सुकवला असता तर चिरला असता. निम्मी वाकण आपोआप गेली. नंतर दोन्ही कडांचे दीड-दीड इंच काढून रुंदी १६ वरून १३ वर आणली. जास्त वाकलेला भाग कडांचाच होता, तो असा निघाला. मधला जोड मध्येच राहिला. आडवा काप घेऊन दोन तुकडे केले आणि दोन्ही बाजू रंधून जाडी सव्वा इंचावरून सात सुतांवर आणली. मोठा तुकडा आता सुमारे २.४ किलो, लहान १.८.

रंधताना एक गोष्ट उमगली, जिच्याकडे मी आधी काणाडोळा केला होता. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता असते. पहिल्या वेळी आम्ही तो कोरडा सॅंडरने घासला होता, तोंडाला नुसता रुमाल बांधून. तसं करायला नको होतं. ओलं करून खरवडायला हवं होतं, चांगला मास्क लावून, आणि भुगा गोळा करून बाजूला टाकून. शिवाय जुन्या दारांना वाळवीसाठी काय काय तेलं चोपडलेली असतात, आणि ती किती आत मुरलीत ते रंध्याला कळत नाही. दोन्ही अंगांनी दीड-दीड सूत लाकूड काढल्यावर रंगाची भीती जवळपास गेली, तेलाची खात्री मी देऊ शकत नव्हतो. काकूंना तसं सांगितलं. उपाय त्यांनीच काढला: बोर्डावर आधी केळीचं पान, त्यावर पदार्थ. केळीच्या पानाची एक फाळ बोर्डाच्या मापात कापली की झालं. हिरव्या पानाभोवती दोन बोटं सागाची कड दिसते. फोटोतल्यापेक्षा हे चांगलं दिसतं असं माझं मत.

मेलामाइन पुन्हा दिलं नाही. करदंट कापताना सुरीने त्याचे पापुद्रे निघाले होते. त्याऐवजी मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन दिलं, तीन हात, वर-खाली आणि कडांना सारखे, प्रत्येक हात रात्रभर मुरवून सकाळी पुसलेला. काकूंनी विचारलं होतं की घरचं गोडेतेल चालेल का. चालत नाही, ते चिकट होतं आणि खवट वास धरतं.

काढलेल्या दोन्ही पट्ट्यांची मेस्त्रींनी घोडी केली, धुतलेले बोर्ड उभे ठेवायला. ती ऑर्डरमध्ये नव्हती. मजुरीपैकी अर्धी आम्ही सोसली, पॉलिश आणि वाकण आमची होती म्हणून.

निकाल

ऑगस्टच्या भिशीला वीस इंची बोर्ड आत ओट्यावर सजला आणि काकूंनी एकटीने बाहेर आणला. कुंदा वाटीत, चिरमुरे परातीत, बाकी पानावर. अर्ध्या तासाने लहान बोर्ड भरून आणला आणि मोठा आत नेला. ही अदलाबदल कुणी ठरवली नव्हती, दोन बोर्ड असल्यामुळे सुचली. टीपॉय मोकळा राहतो आणि रिकामा होत चाललेला बोर्ड समोर केविलवाणा दिसत नाही.

गणपतीत लहान बोर्डच जास्त चालला. सिंकमध्ये तो सरळ मावतो. मोठाही मावतो. दोन्ही धुऊन, पुसून घोडीवर उभे राहतात.

सगळं काही जमलेलं नाही. मोठ्या बोर्डाच्या एका कोपऱ्याखाली अजून कागदाएवढी फट आहे, त्याला आम्ही फेल्टची टिकली चिकटवली. लहानावर हळदीचा एक डाग बसलाय. मीठ-लिंबाने फिका झाला, गेला नाही. शिवाय बारा जणी आल्या की टोकाला सतरंजीवर बसलेल्या दोघींचा हात अजूनही टीपॉयपर्यंत पोचत नाही. त्यावर बोर्डाचं कुठलंच माप उपाय नाही, कुणीतरी त्यांच्याकडे ताटली सरकवावी लागते.

पुन्हा ही ऑर्डर आली तर

मी ऑर्डर घेताना आता "किती माणसं" हे तिसरं विचारतो. आधी विचारतो, बोर्ड कुठे ठेवणार आणि तिथे आणखी काय ठेवावं लागतं. बोर्डाने टेबलाची साठ टक्क्यांच्या वर लांबी घेतली तर चहाचे कप खाली जातात. मग विचारतो, उचलणार कोण आणि कुठल्या दारातून. धुणार कुठे, हे गिऱ्हाईक स्वतः कधीच सांगत नाही, म्हणून मीच सिंकचं माप मागतो. आणि पैसे घ्यायच्या आधी त्यांना घरी पेपरचं पान टाकून, खऱ्या वाट्या मांडून फोटो पाठवायला सांगतो. अर्धे लोक कंटाळा करतात. ज्यांनी पाठवला त्यांच्यापैकी बहुतेकांनी आधी सांगितलेलं माप कमीच केलंय.

एका गोष्टीवर माझं आणि मेस्त्रींचं अजून एकमत नाही. ते म्हणतात, पहिल्याच दिवशी काकूंना स्पष्ट नाही म्हणायला हवं होतं. मला वाटतं, तेव्हा सांगून त्यांना पटलं नसतं. तो फोटो मनात होता. पण लाकूड आठवणीचं असेल, पुन्हा मिळणार नसेल, तर आधी साध्या प्लायचा तुकडा कापून महिनाभर वापरायला द्यायला हवा होता, एवढं मला आता मान्य आहे. दारातून कापलेले ते कडांचे तीन इंच आणि रंध्यात गेलेलं लाकूड परत येणार नाही.

लहान बोर्ड ठरल्याप्रमाणे गणपतीनंतर नणंदबाईंकडे गेला, काकूंना हवा तेव्हा परत येतो. आणि पुण्याच्या लेकीला आता गोल बोर्ड पाहिजे. तिने टीपॉयचा फोटो पाठवलाय, शेजारी फुटपट्टी ठेवलेली नाही. ती ठेवून परत पाठव म्हणून मी कळवलंय.